पुढचे शॉकप

मनीराम महाले, हरसूलचा लाइनमन,
वडाळा नाक्यावर गाडी ढकलत आणतो.
म्हणतो, ड्रम ब्रेक दाबला की
ही आधी विचार करते, मग थांबते.
उतारावर इतका वेळ नसतो.

खांद्यावरच्या गोणीत
दुसऱ्या कंपनीच्या गाडीचे पाय.
भद्रकालीत भंगारात मिळाले,
अठराशेला, टी आणि डिस्कसकट,
चाकाचे वेगळे.
बाकीची गाडी म्हणे मागून चेपली होती.
म्हणे.
भंगारवाल्याकडची प्रत्येक गाडी
मागूनच ठोकलेली असते.

मी नळ्या काचेवर लोळवतो.
मिठाईच्या दुकानाच्या काउंटरची ही जाड काच,
हिच्यावर खोटं चालत नाही,
वाकडी नळी लंगडते.
ह्या दोघी सरळ लोळत गेल्या
थेट काठापर्यंत,
हात लावून थांबवाव्या लागल्या.

मग गळ्याचं माप.
तुझ्या चासीचा गळा आखूड, महाले,
ह्या टीची दांडी लांब.
वर्नियर बघ:
तेरा मिलिमीटर.
तेराचं काय एवढं, असं त्याचं तोंड.
खांबावर चढणारा माणूस,
त्याचं सगळं मीटरमध्ये.

म्हणून सातपूरला, मुनाफभाईच्या लेथवर.
नव्या टीची दांडी प्रेसखाली काढायची,
जुन्या गाडीची तिथे बसवायची,
मधे बुश,
केसभर जास्त जाड.
सैल राहिला तर एक दिवस सुटेल,
फार घट्ट केला तर टी तडकेल.
केस कुणाचा धरायचा, मी विचारलं.
मुनाफभाई टोपी सारखी करत म्हणाला,
माझा नको, उरलेत किती.

दुपारी डिझेलने पुसताना
उजव्या नळीवर, सीलच्या जरा वर
तीन ठिपके. गुलाबी.
वाटलं, कुठल्यातरी टाकीचा रंग लागलाय.
नखाने खरवडलं तेव्हा कळलं
की हे नखाचंच आहे.
नेलपॉलिश.

गंजाचा खड्डा पडला की सीलचा ओठ फाटतो,
तेल पाझरतं, ब्रेकवर उतरतं.
म्हणून कुणीतरी एकेक खड्डा भरलाय,
सुकू दिलाय, पुन्हा भरलाय,
मग घासून असा सपाट केलाय
की डोळ्याला दिसतो,
बोटाला सापडत नाही.
मेकॅनिकचं काम नाही हे.
आम्ही सरळ सांगतो, नळी बदला.

महाले म्हणाला, घासून टाक,
सेक्शनवर पोरं हसतील.
मी म्हणालो, घासलं तर तेल गळेल.
आणि ते खरंच होतं.

दिवे लागायच्या सुमारास गाडी उभी राहिली.
नाक थोडं वर, हँडल थोडं जड.
आरटीओच्या पुस्तकात असलं जनावर नाही.
महाले मुंबई नाक्यापर्यंत जाऊन आला,
माझ्यासमोर ब्रेक दाबला,
बैल पाण्याला वाकावा तशी
गाडी वाकली, आणि उठली.
हसला. मग खाली बघितलं.

काटा शून्यावर.

चाकातली गरारी त्या गाडीची, वायर ह्या गाडीची,
दात जुळत नाहीत, मी सांगितलं.
तेवढं राहणार.
मग मला कळायचं कसं, किती पळतेय?
डोळ्यात पाणी आलं की साठ.

पंधरा दिवसांनी आला, चेन टाइट करायला.
उजवीकडचे तीन जागेवर होते.
डावीकडे एक नवा,
हिरवा, चकमकीचा.
पोरीने लावला, तो म्हणाला,
घरात दुसरा रंग नव्हता.
मी बोट फिरवलं.
लागत होता.
झिरो नंबर पेपरचा तुकडा फाडून
त्याच्या खिशात घातला,
पाण्यात भिजवून घासायला सांग,
हळू.
चेनचे तीस घेतले.