पाटी

निकालाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसातला,
ऑटम्वाच्या आमच्या गल्लीत
एक करडा पिकअप ट्रक थांबला, दार करकरलं
आणि मार्लिस टर्प्स्ट्रा खाली उतरली,
स्वतःच.

आदल्या रात्रीपर्यंत ती उमेदवार होती,
राज्याच्या हिशेबतपासनीस पदाची.
असं पद असतं आणि त्यावर लोक माणूस निवडतात
हे मला इथं येऊन अकरा वर्षांनी कळलं.
आणि मी डुकरांच्या खाद्याच्या कंपनीत
जमाखर्चच लिहिते.

ऑगस्टात ती दारी आली होती.
गव्हर्नरवाले येतात घोळक्यानं, एकसारखे टी-शर्ट घालून.
काँग्रेसवाला ब्रॉकमायर येतच नाही,
त्याचे दात येतात, हायवेच्या फलकावर, दर सहा मैलांवर.
ही एकटी, घामाघूम. पाणी मागितलं.
म्हणाली, तीन जिल्ह्यांत शाळेच्या बसच्या डिझेलचं बिल
दोनदा निघालंय, कोणी बघत नाही.
तिच्या आडनावात पाच व्यंजनं
एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेली.
मी ते देवनागरीत लिहून दाखवलं तर
कागदाची घडी करून पाकिटात ठेवली तिनं.
अंगणात पाटी लावू का?
लावा म्हटलं.

आता ती हिरवळीवर उभी राहून पाटी शोधतेय.
पाटी मागच्या दारी आहे,
चार विटांवर आडवी,
दहिवर पडतं म्हणून मेथीवर पांघरलेली.
नाव खाली, मातीकडे तोंड करून.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
ती मात्र गुडघ्यांवर बसली,
कोपरा उचलून आत डोकावली,
तान्ह्या मुलाच्या दुपट्यात डोकावावं तशी.
‘जिवंत आहे की!’ म्हणाली.
‘अख्ख्या प्रचारात माझ्या नावानं वाचलं ते एवढंच.’

किती मतांनी, ते मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं.
एक हजार नऊशे चार.
रात्रभर झोप नाही, तरी आकडा एककापर्यंत चोख.
आम्ही हिशेबाची माणसं अशीच.

इथे एक नोंद करायची राहिलीय.
चर्चचं तळघर. कॉफीचा वास. पाठीशी बाराजणांची रांग,
बाहेर गाडीत नवरा हॉर्न वाजवतोय.
सिनेटरपुढचं वर्तुळ काळं केलं. काँग्रेसचं केलं. गव्हर्नरचं.
मग पुढचा रकाना: सचिव, तपासनीस, खजिनदार, शेतीखातं,
लंबगोल, लंबगोल, लंबगोल,
खुराड्यात अंडी मांडल्यासारखे.
मी पेन खाली ठेवलं.
यंत्रानं कागद गिळला, ढेकरसुद्धा दिला नाही.
‘मी मत दिलं’ असा स्टिकर छातीवर लावून
मी बाहेर आले.
जिची पाटी माझ्या अंगणात,
तिच्यापुढचं अंडं पांढरंच.

हे मी तिला सांगितलं नाही.
सांगून काय, एक हजार नऊशे तीन झाले असते.
बरोबर आहे.
असली बरोबर उत्तरं मी रोज वहीत बघते
आणि खाली सही करत नाही.

मेथी खुडली. जुडी बांधली. मग आणखी एक.
पुरे, पुरे, म्हणाली ती.
कशी करायची विचारलं. मी लसूण सांगितला, लोखंडी तवा सांगितला,
आणि तिसरी जुडी बांधली.

‘पाटी राहू दे, थंडी वाढणार आहे.’
गवतात पडलेला तारेचा सांगाडा तेवढा तिनं उचलला.
वापेलो काउंटीत अजून दोनशे चाळीस पाट्या
उपटायच्या होत्या तिला, अंधार पडायच्या आत.

ब्रॉकमायरचे दात हायवेवर मार्चपर्यंत होते.
जिंकलेल्यांच्या पाट्या काढायला
कोणी येत नाही.

पहिला बर्फ पडला त्या रात्री
मी टॉर्च घेऊन मागच्या दारी गेले
आणि पाटी उलटी केली. नाव वर.
सकाळी तेही पांढरं झालेलं.
हातमोजा नव्हता,
तशीच पुसत राहिले.