पाण्याखालच्या दोन पायऱ्या

शिडीचा खोका पंधरा दिवस खोपीत पडून होता.
तू म्हणालास, हवा सुधारू दे.
हवा सुधारली. मग म्हणालास, ड्रिलची पाती बोथट आहेत.
बेर्गेनहून येताना मीच नवी पाती आणली
आणि काही बोलले नाही.

मे महिना. डोंगरमाथ्यावर अजून बर्फाची ठिगळं,
आणि आपली बोट ट्रेलरवर, सफरचंदाखाली,
आजारी गाय गोठ्याबाहेर आणून बांधावी तशी.

मागचा फलाट पुसून घेतलास.
निळी चिकटपट्टी, तिच्यावर पेन्सिलीच्या चार फुल्या.
मोजलंस. पुन्हा मोजलंस.
सिगवाल्ड, तू आयुष्यात कधी पावसुद्धा
सरळ कापला नाहीस,
आज मिलिमीटरवर आलास.
"कापड चुकलं तर ठिगळ लावता येतं," म्हणालास,
"बोटीला पाडलेलं भोक परत घेता येत नाही."

पहिलं भोक.
पांढरा भुगा, मग पिवळा, मग
काळसर, ओला, कुजक्या पानांच्या वासाचा.
जुन्या शिडीच्या स्क्रूंमधून
आतलं लाकूड थेंबथेंब पाणी पीत होतं इतकी वर्षं,
आणि वरून सगळं चकचकीत.
तू माझ्याकडे पाहिलंस. मी भुग्याकडे.

जुनी शिडी: दोन पायऱ्या,
वरून खिटी काढल्याशिवाय न उघडणारी.
म्हणजे जो बोटीत आहे, त्याच्याच उपयोगाची.
हे आपल्याला अठरा वर्षांत सुचलं नाही.
सप्टेंबरात सुचलं.

सप्टेंबराबद्दल आपण बोलत नाही.
गळ अडकला, हा वाकला, आणि गेला की धबकन,
एवढंच शेजाऱ्यांना सांगतो, आणि हसतो.
पाण्यानं जड झालेले तुझे बूट,
फलाटाच्या कडेवरून घसरणारी तुझी बोटं,
माझ्या मुठीत तुझ्या जॅकेटची कॉलर,
आणि मी,
बटाट्यांची पोती एकटीनं तळघरात नेणारी मी,
तुला वीतभरही वर घेऊ शकले नाही.
धरून ठेवलं. तेवढंच.
उन्नीची कोळंबीची बोट वळून येईपर्यंत
मी तुला रागावत होते, मोठ्यानं,
स्वयंपाकघरात रागावते तसं,
सांडलेल्या कॉफीवरून, न भरलेल्या बिलावरून,
तू डोळे मिटू नयेस म्हणून.

ओलं लाकूड तू खरवडून काढलंस,
आठवडाभर दिव्याच्या उबेत ठेवलंस, इपॉक्सी भरलंस,
आणि जिथे भोक होतं तिथेच
पुन्हा भोक पाडलंस, आता टणक भिंतींचं.
मग सीलंट, काळं, बोटांना न सोडणारं.

पान्यासह तू फलाटाखाली शिरलास, उताणा,
बाहेर नुसते तुझे बूट.
मी वर, स्क्रूड्रायव्हर घेऊन.
"बोल्ट फिरू देऊ नकोस," खालून आवाज,
"फिरला तर सीलंट फाटेल. फिरायचं ते नटनं.
तू नुसती धरून ठेव."

मला येतं ते, मी म्हणाले.

खाली पाना थांबला.
बराच वेळ थांबला.
सफरचंदावर एक काळी मैना काहीतरी सांगत होती.
मग म्हणालास, "माहीत आहे."
आणि पुन्हा कर्र, कर्र, एकेक दात.

पूर्ण आवळलं नाहीस.
जरा सुकू दे, म्हणालास, उरलेलं उद्या.

जूनमध्ये बोट पाण्यात. पाणी अकरा अंश.
कपडे काढलेस, पांढऱ्या पोटऱ्या, खुब्यावरचा व्रण,
आणि कोणी हाक मारल्यासारखा उतरलास.
मी हात पुढे केला नाही.
दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत अडकवून उभी राहिले.
खालूनच तू पट्टा ओढलास,
शिडी खडखडत उलगडली: चार पायऱ्या,
दोन हवेत, दोन पाण्याखाली,
हिरवट, मोडल्यासारख्या वाकड्या दिसणाऱ्या.
तुझा पाय चाचपडत होता.
चाचपडत होता.
सापडली.

वर आलास. दात वाजत होते.
"डावीकडून जरा कुरकुरते," म्हणालास.
मी टॉवेल दिला.
तू तो खांद्यावर घेतलास, बाजूला सरकलास,
आणि पाण्याकडे बोट दाखवलंस:
"आता तू."