परवाना क्रमांक ४४१७

तो स्वतः आला होता न्यायला.
टपालाने येतो, मी फोनवर सांगितलं होतं, चार दिवस लागतात,
तरी आला बिस्मार्कपर्यंत, धान्याच्या ट्रकमध्ये बसून,
बुटांना चिखल, फीचा चेक आईच्या खात्यावरचा.
मी शिक्का दाबला. कागदावर सोनेरी चाक उमटलं
आणि त्याने त्यावरून हलकेच बोट फिरवलं,
नाडी शोधावी तसं.

एकतीस वर्षं या कचेरीत आहे मी, आर्डिस.
राज्यपाल बदलले, कॉफीचं यंत्र दोनदा बदललं.
मी तपासते : पदवी खरी का, गुण किती,
दुसऱ्या राज्यात काही डाग आहे का,
कधी कारवाई झाली का (हो / नाही, हो असल्यास वेगळा कागद जोडा).
हातगुण लिहायला रकाना नाही.
टॉर्गरसनला तो होता म्हणतात,
त्याच्या गावापलीकडे नव्वद मैल दुसरा डॉक्टर नाही,
तिथली माणसं.

तक्रार एकाच पानाची, पेन्सिलने लिहिलेली.
क्लेटस बाउमगार्टनर, वेल्डर. मुलगा डॅरिन, वय सव्वीस.
पाठ दुखायची. तीस गोळ्या, मग साठ, मग नव्वद,
मग न तपासताच नव्वद, शुक्रवारी, फोनवरून.
शेवटची ओळ :
बाटलीत अकरा उरल्यात, त्या कुणाकडे परत करू?

मग फाइल बाळसं धरू लागली.
चौकशी अधिकारी गेला, औषधांच्या दुकानातल्या चिठ्ठ्या आल्या,
वकिलांची पत्रं आली, जाड कागदावरची.
आणि गावाची : एकेचाळीस.
डॉक्टरांनी माझं बाळ हिमवादळात आणलं.
डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत, टर्कीसुद्धा घेतली नाही.
एक माझ्या मावसबहिणीचं होतं. त्यालाही मी क्रमांक घातला, सदतीस.
टपालाच्या काट्यावर सगळी ठेवून पाहिली, कुणी नसताना :
एक पौंड आणि थोडं वर.
त्यावर पेन्सिलचं पान ठेवलं,
काटा हलला नाही.

सुनावणीला मंडळाचे नऊ जण. डॉ. ऑसलंड आधीच उठून गेले,
वर्गमित्र होते, नियम आहे तसा,
बाहेर चिप्सच्या यंत्रापाशी उभे राहिले, नाणं न टाकता.
उरलेले डॉक्टर मात्रेबद्दल बोलले, मिलिग्रॅममध्ये.
जनतेच्या वतीने बसलेली वर्ना स्टॉकी,
सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई,
तिने एवढंच विचारलं : तुम्ही दमला होतात का?
त्याचा वकील खोकला.
हो, टॉर्गरसन म्हणाला,
पण दमलेल्या माणसाने फोन उचलायला नको होता.
मागच्या खुर्चीवर क्लेटसने टोपी मांडीवर उलटी केली,
पुन्हा सुलटी केली.

हात वर झाले. पाच विरुद्ध तीन.
कोणाचे तीन, ते इतिवृत्तात आहे, मीच लिहिलंय.

संगणकात एकच शब्द बदलायचा असतो.
"चालू" खोडून "रद्द".
४४१७ आता कुणाला देणार नाही आम्ही. नियम असा नाही,
पडून गेलीय पद्धत.
जाताना क्लेटसने बाटली माझ्या टेबलावर ठेवली.
मी मोजल्या, अकराच होत्या,
पोलिसांच्या पेटीत टाकून पावती घेतली, फाइलला लावली.

प्रमाणपत्र महिन्याने आलं, आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून,
चौकटीसकट. काचेच्या आत एक मेलेली माशी,
किती वर्षांची कोण जाणे.
आम्हाला फक्त कागद लागतो, मी त्याला फोन केला,
चौकट तुमची आहे.
पलीकडे कुत्रं भुंकत होतं. त्याला गप्प करून तो म्हणाला,
राहू दे, भिंतीवर खिळा ठोकलेला असेलच कुठेतरी तुमच्याकडे.

होता. जिन्याजवळ.
आता तिच्यात आमच्या मजल्याचा नकाशा आहे :
आग लागली तर कुठून बाहेर पडायचं.
माशी मी झटकून टाकली.
टॉवेल धुऊन ठेवलाय, खालच्या खणात.