परभणीत समुद्र

वसमत रोडवरच्या रसवंतीत
चिल्लरगे म्हणाले, भिंतीवर समुद्र काढ,
गिऱ्हाईक आत आलं की गार वाटलं पाहिजे.

खदीर पेंटरनं समुद्र पाहिला नव्हता.
येलदरीचं धरण पाहिलं होतं, तेही
दारं उघडली त्या वर्षी.

मे महिना. डब्यातला निळा
ढवळेपर्यंत साय धरायचा,
भिंतीला टेकला की
ओढ घ्यायच्या आत सुकायचा.
म्हणून लाटा अशा तुटक,
लहानपणी पाटीवर गिरवलेल्या
उर्दूतल्या सीनसारख्या,
एकीला दात तीन, एकीला चार.

होडी कुणी सांगितली नव्हती.
ती त्यानं फुकट काढली,
शिडाच्या कोपऱ्यात
दुकानांच्या पाट्यांवर करायचा
तशी बारीक सही.

आता शेजारी फ्लेक्सवाला आलाय.
त्याच्याकडे गोव्याचा खरा समुद्र आहे,
चौरस फुटाच्या भावानं.

चरकाचे घुंगरू वाजतात.
एक पोरगी अर्धा ग्लास ठेवून
भिंतीपाशी जाते,
लाटेवरून बोट फिरवते,
बोट चाटून बघते.

खारट नाही, म्हणते.

रस प्यायला आलेला खदीर
बाकावरून ओरडतो,
ऑइलपेंट हाय तो पोरी,
थुंक आधी.