मंगळवारची नोंद

लहानपणी दादा म्हणायचे 'पदार्थसंग्रहालय',
आणि मी डबा न घेताच निघाले होते,
तिथे पदार्थ असणारच म्हणून.
निघाल्या तलवारी आणि एक मेलेला मोर.
तेव्हापासून या शब्दाशी माझं जरा वाकडंच.

आता टॉडमॉर्डनला, कालव्याशेजारच्या दोन खोल्यांत
बिनतिकिटाच्या दाराशी मीच बसते.
आत गिरणीचे धोटे, लाकडी तळाचे बूट,
भुसा भरलेला बिज्जू,
त्याचा एक डोळा कुणाच्या तरी कोटाचं बटण.
पाऊस. सकाळपासून कोणी नाही.
छत गळतं तिथे बादली.

मिसेस क्रॅबट्री, वय एकोणऐंशी, कधीकाळी ग्रीक शिकवायच्या,
धोट्यांवरची धूळ झटकता झटकता म्हणाल्या,
मूळ शब्दात संग्रह नाहीच.
वस्तू नाहीत, काचा नाहीत, 'हात लावू नये' नाही.
नऊ बहिणींची जागा, एवढंच.
राहायच्या कुठे? झऱ्यांवर.
आई कोण? आठवण.
तिचं नावच आठवण, त्यांनी पुन्हा सांगितलं,
मला ऐकू गेलं नसेल असं वाटून.

ऐकू आलं होतं. मी कुकडीच्या डोहावर होते.
तिथे सात दगड, शेंदराने जाड झालेले.
साती आसरा.
भर दुपारी केस मोकळे सोडून तिकडे फिरकायचं नाही,
धरतात.
थोरल्या मावशीला धरलं होतं.
तीन दिवस ती जात्याशिवाय ओव्या म्हणत राहिली,
एकही आधी कुणी ऐकलेली नव्हती.
मग लिंबू, हिरवा खण, दहीभात.
मग मावशी गप्प.
ओव्या कुणी लिहून घेतल्या नाहीत.

तुमच्या बहिणी धरतात का माणसाला, मी विचारलं.
त्यांनी बिज्जूकडे पाहिलं.
पूर्वी धरायच्या. आता
कौन्सिलचा फॉर्म भरावा लागेल.

बादलीत थेंब पडत होते,
सारख्या अंतराने नाही,
बोलता बोलता मध्येच कुणी हसावं तसे.
मी बादली ओतायला उठले, आणि ओतली नाही.
डब्यात दहीभात होता,
त्यातला घासभर तिच्या काठाशी ठेवला.

पाच वाजता आकडा कळवायचा असतो.
त्यावर ठरतं, मार्चनंतर दार उघडायचं की नाही.
हातातल्या यंत्रावर शून्य.
अंगठ्याने दाबत गेले नऊपर्यंत.
जरा थांबून
आणखी सात.
दिवे मालवले, कोट चढवला, कुलूप हातात घेतलं,
तेव्हा मावशी आठवली.

सतरा.