बर्फाच्या कारखान्याचा सूर

आमचा सूर बर्फाच्या कारखान्याने ठरवला.
देवगड बंदराच्या वळणावर, आमच्या शेडच्या मागच्या भिंतीला,
त्याचा कॉम्प्रेसर रात्रंदिवस हुं करतो.
सा नव्हे, रे नव्हे, मधलंच काहीतरी,
जिथे पेटीला पट्टीच नाही.

आधी आम्ही त्याच्याशी भांडलो.
भिंतीला पेंढा लावला, आंब्याच्या खोक्यांतला, मागच्या मोसमातला.
त्यावर गोणपाट, त्यावर बस्त्यावच्या आईची गोधडी.
हुं यायचा तो आलाच,
जमिनीतून, माझ्या तळव्यांतून.
मग एका रात्री बस्त्यावने खुंट्या सैल केल्या,
एकेक तार खाली उतरवत नेली
आणि एके ठिकाणी मान वर करून म्हणाला,
‘गावलो.’

मी ड्रम वाजवते. ड्रम नाही.
एक निळं पिंप आहे, मिठाचं.
पाच डझनांचं एक खोकं, आत सायकलची साखळी सोडलेली.
हळू गाण्यांना हिरांची जुडी,
जोरातल्यांना जुन्या वल्ह्याचे दोन तुकडे.
तिसरी तार फेब्रुवारीत तुटली,
आठवडाभर कणकवलीला जाणारं कोणी नव्हतं,
म्हणून तिथे तंगूस आहे, सुरमईला पुरेल एवढं जाड.
दाढ काढून आलेल्या माणसासारखा तिचा आवाज.
आता खरी तार खिशात असून
बस्त्याव ती बदलत नाही.

टेपरेकॉर्डर शांताराम काकाचा.
लाल बटण टिकत नाही, फटीत आगपेटीची काडी लागते.
कॅसेटीही त्याच्याच. बंदरावरचे लिलाव भरलेल्या,
दलाल आकड्यात लबाडी करतो का
ते रात्री निवांत ऐकायला.
टेपचं पुसणारं डोकं झिजलंय.
आमच्या गाण्याखालून, दुसऱ्या कडव्यात,
कुणीतरी अजून ओरडतो,
‘साडेचारशे, साडेचारशे, कोण बोलता?’
काकाला पहिलं गाणं ऐकवलं.
पूर्ण ऐकलं त्याने, डोळे मिटून.
म्हणाला, ‘ह्यो पापलेटाचो भाव. त्र्याण्णव सालचो.
त्या दिवशी माका फसवल्यान.’
गाण्याबद्दल काही नाही.

कोल्हापूरला एक जण भेटला, काचेच्या खोलीतला, सज्जन.
म्हणाला, घाण काढून देतो, नितळ करून देतो.
अठराशे रुपये घेतले.
परतीच्या एसटीत एकेक कान वाटून घेऊन ऐकलं.
हुं नव्हता. लिलाव नव्हता.
तारांचा गंज नव्हता, खोक्यातली साखळी नव्हती.
उरलो होतो आम्ही दोघं,
आणि आम्ही बेसूर होतो.
सगळं गाणं पाव पट्टी खाली,
कशासाठी खाली, ते सांगणारं कोणी नाही.
गगनबावड्याच्या घाटात बस्त्याव हसायला लागला.
मी खिडकी उघडली. मला मळमळत होतं,
घाटामुळे, असं मी म्हटलं.

शेवटचं गाणं भरताना रविवारी वीज गेली.
टेप सेलवर होता, फिरत राहिला.
कारखाना मधल्या ओळीत गप्प झाला
आणि पहिल्यांदा आम्हाला
खाडी ऐकू आली, होड्या एकमेकींना घासताना,
कुणाचं तरी खोकणं, फार लांब.
मी पिंपावरचा हात हलका केला.
बस्त्याव गात राहिला, काळोखात,
कशालाही न धरता.
चार मिनिटांनी कॉम्प्रेसर परत उठला
तेव्हा बस्त्याव त्याच्या थोडा वर गेलेला होता.
दोन्ही आवाज एकमेकांना घासत राहिले,
मग तो तंगुसावर बोट रेटून हळूहळू खाली आला.
ते आम्ही तसंच ठेवलंय.

अकरा कॅसेटी झाल्या. वेष्टण खोक्यांच्या पुठ्ठ्याचं,
काहींवर ‘हापूस’चा अर्धा शिक्का आहे.
बारावीला काका नको म्हणाला.
‘एका बाजूक भरा काय ता,’ म्हणाला,
‘दुसरी रवांदे.
अजून हिशोब लागूक नाय माझो.’