किरकोळ झाडोरा

चिरेखाणीच्या कडेला, जिथं मशीनचं पातं वळलं नाही,
तिथून मी ते उपटलं. वीतभर.
मुळांनी जांभ्याचा एक तुकडा घट्ट धरलेला,
सोडवायला गेलो तर मूळच तुटेल,
म्हणून दगडासकट आणलं
आणि ऑइलच्या पिवळ्या डब्यात लावलं,
बुडाला खिळ्यानं तीन भोकं पाडून.

का आणलं, विचारू नका.
दिवसभर चिरे मोजणाऱ्याला
न मोजलेलं काहीतरी घरी न्यावंसं वाटतं, एवढंच.

पहिल्या वर्षी सहा पानं.
दुसऱ्या वर्षी दहा.
(बघा, मोजलीच.)
दोन-दोन, समोरासमोर, जाड,
वरून तेल चोपडल्यासारखी गर्द, उलटी केली की फिकट.
मधली शीर तेवढी दिसायची,
बाकीच्या उन्हात धरूनही सापडेनात.
पान चुरडून हुंगलं : वास नाही.
म्हणजे जांभूळ नाही, भेडस नाही.
देठ मोडला : चीक नाही, काटा तर नाहीच.
म्हणजे करवंदही नाही.
असं नाही-नाही करत
एखाद्या झाडाच्या किती जवळ जाता येतं?

परशुराम वारीक गडग्यावरून म्हणाला,
"वाढता तरी खंय ह्यां? उपट नि जास्वंद लाव."
देवगडच्या रोपवाटिकेतल्या पोरानं फोटो काढून मोबाइलला विचारलं.
मोबाइलनं तीन नावं सांगितली,
तिन्ही झाडं समुद्रापलीकडची.

वैशाखात सडा कातळासारखा तापायचा, कातळच तो,
मिठबावच्या बाजूनं खारा वारा यायचा,
वारकाच्या जास्वंदीची पानं कडेनं करपायची.
ह्यानं एकही पान टाकलं नाही.
हिरवं राहणं हेच काम, असं धरून
ते डब्यात उभं होतं.

सातव्या वर्षी, होळीचा माड तोडायला गेले त्या सकाळी,
ब्रश तोंडात घेऊन पडवीत आलो
तर जुन्या फांदीला, पान गळूनही गेलेल्या पेरांपेरांशी, थेट लाकडातून
निळं.
बादलीत निळीची पुडी फुटावी
आणि कुणी ढवळायचं विसरावं, तसं.
फेस हनुवटीवर वाळला तरी मी तिथंच.

कोलंबी घेऊन जैनब मुकादम आली.
टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली,
"अंजनी ती. सड्यार हीच तर होती सगळी!
माझी सासू हेच्या पानांत चटयो रंगवी. पिवळ्यो."
मग हसली : "डोळ्यात घालूक नको हां, नावार जाव नको."

सड्यार हीच होती सगळी.

त्या दुपारी ऑफिसातली जुनी वही काढली.
खाण उघडली त्या वर्षीची.
गट क्रमांक, क्षेत्र, मातीची जाडी, चिऱ्यांचा अंदाज,
आणि शेवटच्या रकान्यात, माझ्याच वळणदार अक्षरात,
झाडोरा : किरकोळ.
ळ-ला मी शेपूट काढलंय, सुरेख.

त्या चिऱ्यांची घरं झाली. माझंही.
घरांबद्दल माझी तक्रार नाही.
फक्त भिंतीला पाठ टेकताना
हल्ली मध्येच सरकून बसतो.

फळं आधी हिरवी, मग तांबूस, मग काळी,
डोक्यावर इवलासा मुकुट.
अर्धी बुलबुलांनी नेली.
पहिल्या खेपेला मी बिया सुकवून ठेवल्या, मूर्खासारख्या;
एक रुजली नाही.
पुढच्या वर्षी गर काढला आणि त्याच दिवशी लावल्या.
अकरा डबे. चार उगवले.
एक गोगलगायीनं खाल्लं.
वारीक आता गडग्यावरून वाकून बघतो, बोलत काही नाही.

काल मोठं झाड पिंपात हलवलं.
तो जांभ्याचा तुकडा तसाच होता,
मुळं त्याच्या भोकाभोकांतून आरपार गेलेली,
दगड कुठं संपतो, कळेना.
सवयीनं मोजायला लागलो.
सतरापर्यंत आलो आणि चुकलो.
पुन्हा सुरुवात केली नाही.